नोकरीच्या बाजारातला नवा मुकादम

सोलापूरहून सकाळी पुण्याकडे निघणाऱ्या गाडीला हुतात्मा एक्स्प्रेस असे नाव आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार सोलापूरकरांच्या स्मृतीचे ते नाव. या गाडीने जे तरुण पुण्याला जातात त्यांच्यापैकी किती जण सोलापुरात परत येऊन राहण्याच्या इराद्याने जातात, हा प्रश्न शहरात कोणी मोठ्याने विचारीत नाही. पिशवीत पदवीची प्रमाणपत्रे असतात आणि मोबाईलवर परिचिताच्या परिचिताने पाठविलेला एक मजकूर असतो: हिंजवडीत किंवा चाकणला अमुक कंपनीत जागा आहेत, अमुक वाजता यावे. तो मजकूर मुळात कोणी लिहिला, जागा खरोखर आहेत काय, असल्या तर किती महिन्यांच्या, यांतले काहीच त्या तरुणाला ठाऊक नसते. तरीही तो जातो. न जाण्याची चैन त्याला परवडणारी नाही.

नोकरी शोधण्याची रीत गेल्या पाव शतकात पुरती पालटली आहे. सेवायोजन कार्यालयाच्या खिडकीसमोरची रांग ओसरली आणि वर्तमानपत्रातील ‘पाहिजेत’ या सदराचे महत्त्व गेले. भारतात नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ मध्ये निघाले. अमेरिकेत २००३ मध्ये लिंक्डइन सुरू झाले आणि पुढे भारतातील सुशिक्षितांतही पसरले. त्याच्या मागून फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरील असंख्य गट आले. या बदलाचे स्वागत करताना असे सांगितले जाते की, आता ओळख, वशिला आणि घराणे यांचे राज्य संपले; हातात मोबाईल असलेला कोणीही कोणत्याही मालकाच्या दारापर्यंत पोहोचू शकतो; संधीची ही खरी लोकशाही होय. दावा मोठा आहे. तो मुंबई-बंगळूरच्या मापाने न तपासता सोलापूरच्या मापाने तपासून पाहिला पाहिजे. कारण माणसाला कामापर्यंत पोहोचविणारा मध्यस्थ म्हणजे काय, हे या शहराने आधी एकदा अनुभवले आहे.

जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू यांचे भोंगे जेव्हा शहराचा दिवस ठरवीत होते, तेव्हा गिरणीत काम मिळण्याचा मार्ग मालकाच्या कचेरीतून जात नसे. तो जॉबरच्या घरावरून जाई. खात्यात माणूस घ्यायचा, बदलीवर ठेवायचा की घरी पाठवायचा, हे जॉबर ठरवी. त्याच्या गावचा, जातीचा, भाषेचा किंवा त्याला दस्तुरी देणारा माणूस आत जाई. उरलेले दाराशी उभे राहत. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने, ज्याचे नारायण मल्हार जोशी हे एक सदस्य होते, आपल्या १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आणि भरती जॉबरच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जॉबर हा कामगाराला परका नव्हता. तो त्याच्या ओळखीचा होता, अडीअडचणीला उसने पैसे देणारा होता, लग्नाकार्याला येणारा होता. त्याची सत्ता त्याच्या ओळखीतूनच निर्माण होई. कोठे जागा आहे ही माहिती त्याच्याकडे होती आणि इतरांकडे नव्हती. या एका असमानतेवर त्याचे सारे साम्राज्य उभे होते.

त्या साम्राज्याला शह देणारा प्रयोगही या शहराने पाहिला. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९४९-५० मध्ये, तेव्हाच्या मुंबई सरकारने कापड गिरण्यांतील बदली कामगारांची नोंदणी करून त्या यादीतून क्रमाने माणसे पाठविण्याची योजना मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूर येथे हाती घेतली. योजना स्वेच्छेची होती, तिच्यात पळवाटा होत्या, जॉबरही एका रात्रीत नाहीसा झाला नाही. तथापि तत्त्व मान्य झाले: कोठे काम आहे ही माहिती कोणाच्या खिशातली वस्तू नसून ती सार्वजनिक आहे, आणि तिचे वाटप सार्वजनिक यंत्रणेने करावयाचे आहे.

याच तत्त्वावर सेवायोजन कार्यालये उभी होती. त्यांचा उगम समाजवादी नव्हे. इंग्लंडात १९०९ चा कायदा विल्यम बेव्हरिज यांच्या आग्रहातून आणि लिबरल सरकारच्या हातून झाला, आणि भारतात ही कार्यालये १९४५ मध्ये महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी उघडली गेली. १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला. १९५९ मध्ये रिकाम्या जागा कळविणे सक्तीचे करणारा कायदा संमत झाला. सरकारी आस्थापनांना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांना तो लागू झाला. त्याच वर्षी भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ च्या करारास मान्यता देऊन विनामूल्य सार्वजनिक सेवायोजनाची जबाबदारी स्वीकारली.

पण कायद्याच्या पोटातच त्याचे अपयश दडलेले होते. मालकाने जागा कळवावी एवढेच बंधन. कार्यालयाने पाठविलेल्यांतून माणूस घ्यावा असे बंधन नाही. जागा न कळविल्यास दंड पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी हजार रुपयांपर्यंत. रुपयाची किंमत घसरत गेली तरी हा आकडा हलला नाही. कायदा मोडणे हे पाळण्यापेक्षा स्वस्त झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात असा निर्णय दिला की सरकारी नेमणुकांसाठी केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर विसंबू नये, वर्तमानपत्रे, आकाशवाणी इत्यादींतूनही जाहिरात द्यावी. निर्णयामागील न्यायबुद्धी रास्त होती. यादीबाहेरच्या पात्र माणसावर अन्याय का व्हावा? पण आधीच दुबळ्या झालेल्या कार्यालयांचा उरलासुरला आधारही त्याने गेला. आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुना कायदा पोटात घेतला आहे आणि कार्यालयांना ‘करिअर सेंटर’ असे नाव दिले आहे. पाटी नवी आली. राज्याचे महास्वयम् आणि केंद्राचे २०१५ पासूनचे राष्ट्रीय करिअर सेवा ही संकेतस्थळेही आहेत. परंतु नोंदविलेली जागा नोंदविलेल्या माणसाला मिळालीच पाहिजे, हा धागा जसा १९५९ मध्ये तुटका होता तसाच तो आजही आहे.

सार्वजनिक यंत्रणेने सोडलेल्या या मोकळ्या जागेत खासगी जाळी शिरली. ती कशी चालतात, याचे शास्त्र त्यांच्या जन्मापूर्वीच लिहिले गेले होते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका लेखात आणि १९७४ मध्ये पुस्तकरूपाने असे दाखविले की, सुशिक्षित व्यावसायिकांपैकी निम्म्याहून अधिकांना, म्हणजे शेकडा ५६ जणांना, नोकरी ओळखीतून मिळाली होती. आणि ती ओळख बहुधा जिवलगांची नव्हे, तर क्वचित भेटणाऱ्यांची होती. कारण साधे आहे. जे आपले सख्खे, ते आपल्याच वर्तुळात वावरतात आणि जे आपल्याला ठाऊक तेच त्यांनाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या परिचिताकडून येते. समाजमाध्यमांचा सारा व्यापार या दूरच्या परिचयांवर चालतो.

आता सोलापूरच्या पूर्व भागात हे शास्त्र लावून पाहावे. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकरांची ही वस्ती. बाप यंत्रमागावर चादर किंवा टॉवेल विणतो, आई तेंदूपाने आणि तंबाखू घरी आणून विड्या वळते, मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर होते. या कुटुंबाला ओळखी नाहीत असे नव्हे. उलट इतक्या घट्ट आणि इतक्या जवळच्या ओळखी शहराच्या दुसऱ्या कोणत्या भागात क्वचितच आढळतील. पण त्या साऱ्या माग, विडी आणि शिलाई यांच्या भोवतीच फिरतात. त्यांच्यात पुण्याच्या कंपनीत व्यवस्थापक असलेला मामा नाही, किंवा अमेरिकेतल्या कचेरीत बसलेला बापाचा वर्गमित्र नाही. ती मुलगी लिंक्डइनवर नाव नोंदविते तेव्हा तिच्या परिचितांची यादी म्हणजे तिच्याच वर्गातील बेकार मुली. त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाने नाव नोंदविले, ज्याचे वडील अभियंता आणि आई प्राध्यापिका आहे, तर त्याच्या यादीत आठवड्याभरात दहा कंपन्यांची माणसे जमतात. दोघांची पदवी एक, गुण एक, माध्यमही एकच. संगणकाने येथे वशिला नाहीसा केलेला नाही. त्याची मोजदाद केली आणि त्याला प्रतिष्ठेचे नाव दिले.

भाषेचा अडसर वेगळाच. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि या संकेतस्थळावर आत्मस्तुतीची इंग्रजी, अशा तीन पायऱ्या तिला चढाव्या लागतात. स्वतःच्या कर्तृत्वाचे पोवाडे परक्या भाषेत गाणे हे कौशल्य मध्यमवर्गीय घरात आपोआप शिकले जाते. विडी वळणाऱ्या आईच्या घरात ते उद्धटपणाचे लक्षण मानले जाते. शिवाय साधन हातात असणे हीदेखील गृहीत धरण्याची गोष्ट नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शेकडा ५७ पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांचे प्रमाण शेकडा ३३ होते. त्यानंतर हे अंतर कमी झाले असेल, पण ज्या घरात एकच मोबाईल आहे तेथे तो कोणाच्या खिशात असतो हे सांगण्यास पाहणीची गरज नाही. आणि तो मुलीच्या हाती आला तरी आपले छायाचित्र, नाव आणि संपर्क अनोळखी माणसांपुढे ठेवण्याची किंमत तिला जी मोजावी लागते ती मुलाला मोजावी लागत नाही.

नावाचाही प्रश्न आहेच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त आडनावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश भरली. तो कागदी अर्जांचा काळ होता. आज नावासोबत छायाचित्र, शाळा, गाव आणि परिचितांची यादी असे सारे काही मालकापुढे मांडले जाते. पूर्वग्रहाला आता अंदाज करण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. घटनेचे सोळावे कलम राज्यसंस्थेला बांधते, खासगी मालकाला नाही. स्त्रीला भरतीत डावलू नये असे १९७६ च्या समान वेतन कायद्याने सांगितले होते. जातीबद्दल आणि धर्माबद्दल खासगी भरतीसाठी तेवढेही सर्वसाधारण बंधन नाही. अमेरिकेत फेसबुकवरील नोकरीच्या जाहिराती वय आणि लिंग पाहून निवडक लोकांनाच दाखविल्या जात होत्या. नागरी हक्क संघटनांनी खटले भरले, तेव्हा २०१९ मध्ये कंपनीला ती सोय मागे घ्यावी लागली. सोलापूरच्या मुलीला कोणती जाहिरात दाखविली गेलीच नाही, हे तिने कोणाला विचारावे? वर्तमानपत्रातील जाहिरात निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर छापली जात असे.

आणि येथे मुकादमाची आठवण अटळ होते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या काही संशोधकांनी आणि विद्यापीठीय अभ्यासकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. २०१५ ते २०१९ या काळात दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांना ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशी जी नावे सुचविली जात, त्या सूचनांचे सूत्र कंपनीने गटागटाने बदलून पाहिले होते. कोणाला दूरचे परिचय अधिक सुचविले, कोणाला जवळचे. निष्कर्ष ग्रॅनोव्हेटर यांना दुजोरा देणारा निघाला: मध्यम दूरच्या परिचयांनी नोकरी बदलण्याची शक्यता सर्वाधिक वाढली. शिवाय असेही दिसले की हे संगणकप्रधान उद्योगांत खरे आहे. जेथे संगणकाचा वापर कमी, तेथे उलट घट्ट संबंधच उपयोगी पडतात. सूतगिरणी, यंत्रमाग आणि चादरीच्या कारखान्यांचे शहर या दुसऱ्या गटात मोडते, हे सांगावयास नको.

विद्वानांच्या दृष्टीने हा निबंध मोलाचा आहे. पण सामान्य नागरिकाने त्यातली दुसरी गोष्ट वाचली पाहिजे. दोन कोटी माणसांच्या नोकरीच्या शक्यता एका खासगी कंपनीने आपल्या कचेरीत बसून कमीअधिक केल्या आणि त्या माणसांना प्रयोग चालू असल्याचा पत्ता नव्हता. नाव नोंदविताना मान्य केलेल्या अटींत हे बसते, असे कंपनीचे म्हणणे. बसत असेलही. जॉबरचेही सारे व्यवहार गिरणीच्या रिवाजात बसत होते. मात्र जॉबर कोठे राहतो हे निदान ठाऊक होते. त्याच्या दाराशी मोर्चा नेता येई, त्याच्याविरुद्ध संप करता येई. हा नवा मुकादम २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे २६ अब्ज डॉलरना विकत घेतला. एवढी किंमत कशाची दिली गेली? बेकारांनी आणि नोकरदारांनी स्वतःबद्दल फुकट लिहून दिलेल्या माहितीची. दस्तुरी बंद झालेली नाही. ती आता रोख घेतली जात नाही, इतकेच.

ज्यांना लिंक्डइनपर्यंतही जाता येत नाही त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपचे गट आहेत, आणि तेथे फसवणुकीचे रान मोकळे आहे. घरबसल्या टंकलेखन, चित्रफितींना पसंती देऊन कमाई, नोंदणीपुरती किरकोळ अनामत; यांत बुडालेल्या रकमा लहान असतात आणि म्हणूनच तक्रारी होत नाहीत. क्वचित हे प्रकरण जिवावर बेतते. थायलंडमध्ये संगणकीय कामाच्या आकर्षक नोकऱ्या अशा समाजमाध्यमांवरील जाहिरातींना भुलून गेलेले भारतीय तरुण म्यानमारमध्ये डांबले जात आहेत, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला होता. त्यांच्याकडून तेथे इतरांना ठकविण्याचेच काम करून घेतले जाई. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. परदेशी नोकरीचे दलाल नोंदणीकृत असले पाहिजेत असा १९८३ चा कायदा सांगतो. जाहिरात पसरविणाऱ्या माध्यमाची जबाबदारी मात्र त्या कायद्याच्या काळात कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

याचा अर्थ ही साधने टाकून द्यावीत असा नव्हे. असे म्हणणे भाबडेपणाचे आणि तरुणांवर अन्याय करणारे ठरेल. विणकराच्या एखाद्या मुलाला जातीच्या आणि गल्लीच्या पलीकडची बातमी या माध्यमातून प्रथमच मिळाली, अनोळखी माणसाने त्याला मुलाखतीची तयारी शिकविली, अशा गोष्टी घडतात आणि त्या आनंदाच्या आहेत. जुनी गल्लीतली ओळखही काही निर्मळ नव्हती. आक्षेप साधनाला नाही. काम कोठे आहे ही समाजाची माहिती नफ्यासाठी चालणाऱ्या, कोणालाही उत्तरदायी नसलेल्या हातांत सोपवून राज्यसंस्था निर्धास्त झाली, याला आहे. आणि माहिती कितीही सुरळीत वाहिली तरी दहा जागांच्या वीस जागा होत नाहीत, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक धडाही या उत्सवात विसरला जातो. गिरण्या गेल्यावर सोलापुरात त्यांच्या तोलाचा उद्योग आला नाही, याचे उत्तर कोणत्याही संकेतस्थळावर मिळणार नाही.

दुसरा मार्ग अशक्य आहे, असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. मुकादम आणि टोळी यांच्या तावडीतील हमालांसाठी याच राज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मालकाची नोंद मंडळाकडे, कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत. ज्यांच्या कामाला ना वेळ ना ठिकाण अशा माणसांसाठी हे जमले. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून, ज्याचे चटके सोलापूर जिल्ह्याने पुरेपूर सोसले, १९७७ चा रोजगार हमी कायदा आला आणि ग्रामीण भागातील अंगमेहनतीच्या कामाचा हक्क मान्य झाला. खडी फोडणाऱ्यासाठी जे राज्य हक्क मान्य करू शकले, त्याने पदवीधराला मोबाईल दाखवून वाटेला लावावे, ही पिछेहाट नव्हे काय? डॉ. लोहियांनी मांडलेले विशेष संधीचे तत्त्व हेच सांगते की, ज्यांची सुरुवात मागून होते त्यांना समान नव्हे, अधिक साहाय्य हवे. समाजमाध्यमे नेमके उलटे करतात. ज्याच्याकडे ओळखी आहेत त्याला आणखी देतात.

दुर्दैवाने राज्य सरकारचाच कल दुसरीकडे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासकीय कार्यालयांसाठी कंत्राटी मनुष्यबळ पुरविण्यास नऊ खासगी संस्थांची नेमणूक करणारा निर्णय निघाला होता. तरुणांच्या संतापामुळे तो पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, वृत्ती गेली नाही. सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांतील कितीतरी कामे आजही ठेकेदारांमार्फत होतात आणि त्या जागा कोणाला, कशा मिळाल्या हे ठेकेदारालाच ठाऊक असते. खासगी कंपन्यांना शिस्त लावण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी सार्वजनिक पैशातून पगार दिल्या जाणाऱ्या या जागांपासून प्रारंभ करता येईल. सोलापूर महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ यांच्या ठेकेदारांकडील प्रत्येक जागा, तिचा पगार आणि मुदत जिल्हा रोजगार केंद्राकडे मराठीत नोंदली जावी, प्रभाग कार्यालयांच्या फलकांवर लावली जावी आणि ती कोणत्या कसोटीवर कोणाला मिळाली हेही तेथेच लिहिले जावे. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथील कारखान्यांची पाळी त्यानंतर. यांपैकी पहिल्या टप्प्यासाठी दिल्लीचा कायदा लागत नाही. पुढच्या निविदेत एक अट घालावी लागते.